युद्धाच्या समुद्रात जायला नाविकाला नकार देता आला पाहिजे

2024 च्या जानेवारीत सोलापुरातल्या टॉवेल निर्यातदारांच्या तोंडी एकच विषय होता, कंटेनरचं भाडं. येमेनमधल्या हूती बंडखोरांनी गाझातल्या युद्धाचं कारण देत जहाजांवर हल्ले सुरू केल्यामुळे न्हावा शेवाहून युरोपला जाणारी जहाजं तांबडा समुद्र आणि सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली होती. केप ऑफ गुड होपचा हा रस्ता सुमारे साडेतीन हजार सागरी मैलांनी लांबचा, म्हणजे दहा ते चौदा दिवस जास्त. भाडी काही आठवड्यांत दुप्पट-तिप्पट झाली. बिलात 'वॉर रिस्क सरचार्ज', म्हणजे युद्धजोखमीचा जादा आकार, अशी वेगळी ओळ येऊ लागली आणि रिकामा कंटेनर मिळवायला फॉरवर्डरची, म्हणजे मालवाहतूक जुळवून देणाऱ्या एजंटची, मनधरणी करावी लागू लागली. नान्नज-बार्शीकडच्या द्राक्षवाल्यांचे हाल त्याहून वाईट होते. टॉवेल उशिरा पोचला तर गिऱ्हाईक कुरकुरतं. द्राक्ष उशिरा पोचलं तर तिकडेच टाकून द्यावं लागतं.

निर्यातीची कागदपत्रं तयार करणं हा माझा धंदा आहे. त्या दिवसांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बैठका झाल्या, फोन झाले, व्हॉट्सॲपवर दरांचे तक्ते फिरले. त्यात भाडं होतं, विमा होता, एलसीची, म्हणजे बँकेच्या पतपत्राची, मुदत होती, डॉलरचा भाव होता. ज्या जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती त्यांच्यावर माणसं आहेत, हा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. मी कोणाला कठोर ठरवत नाही. हातमागावर, यंत्रमागावर पोट असलेल्या गावाला भाड्याची चिंता पडणारच. पण जे मोजलं जात नाही त्याच्याविषयी धोरणही होत नाही, आणि माझं म्हणणं धोरणाविषयीच आहे. युद्ध चालू असलेल्या पाण्यात जायला नकार देण्याचा हक्क प्रत्येक भारतीय व्यापारी नाविकाला कायद्यानं मिळाला पाहिजे. जहाजावर झेंडा कोणत्याही देशाचा असो. नकार दिला म्हणून त्याची नोकरी जाता कामा नये, तिकडे गेला तर त्याला जादा मोबदला मिळाला पाहिजे, आणि पकडला गेला तर पकडणारा कोण हे न पाहता त्याचा पगार घरी पोचत राहिला पाहिजे. आणि ही मागणी करण्यात मुंबईच्या समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर लांब असलेल्या सोलापूरसारख्या गावानं पुढे असलं पाहिजे, कारण तो धोका आपल्याच मालासाठी पत्करला जातो.

मालाचा मूळ कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग. त्यावर माल पाठवणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं, जहाजाचं नाव, फेरीचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, सीलचा क्रमांक, गठ्ठ्यांची संख्या, वजन असतं. सही असते ती वाहतूक कंपनीच्या एजंटची. एके काळी हा कागद जहाजाचा कप्तान स्वतः सही करून द्यायचा, म्हणजे निदान एका माणसाचं नाव तरी मालाच्या मालकाला कळायचं. आता तेवढंही उरलेलं नाही.

कोण होती ती माणसं? 19 नोव्हेंबर 2023 ला हूतींनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे मोटारी वाहणारं जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. त्यावर 25 जण होते, फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन, रोमानिया, मेक्सिको अशा देशांचे. गाझातल्या लढाईशी त्यांतल्या एकाचाही संबंध नव्हता. जहाजाचा संबंध एका इस्रायली उद्योजकाच्या कंपनीशी होता, एवढंच. ते जहाज येमेनच्या किनाऱ्यावर लोकांना बघायला ठेवण्यात आलं, आणि त्यावरची माणसं 22 जानेवारी 2025 ला सुटली. चौदा महिन्यांनी. 26 जानेवारी 2024 ला आपण इकडे झेंडावंदन करत होतो तेव्हा एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या नाफ्था भरलेल्या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं. त्यावर 22 भारतीय आणि 1 बांगलादेशी असे 23 जण होते. पेटत्या नाफ्थ्याशेजारी उभं राहून ते आग विझवत राहिले. भारतीय नौदलाची 'आयएनएस विशाखापट्टणम' मदतीला पोचली आणि जहाज वाचलं. त्यांच्या कप्तानाला आणि खलाशांना पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. सोलापुरात तो किती जणांच्या वाचनात आला असेल?

6 मार्च 2024 ला 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर तीन जण मारले गेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. हूतींच्या या मोहिमेतले ते पहिले मृत्यू. उरलेल्या 21 जणांना 'आयएनएस कोलकाता'नं उचललं. 2025 च्या जुलैत 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजं लागोपाठच्या दिवसांत हल्ल्यात सापडली आणि दोन्ही बुडाली. 'इटर्निटी सी'वरची काही माणसं मेली, काही हूतींच्या हाती पडली.

हे सगळं लांबचं वाटत असेल त्यांच्यासाठी जवळची दोन उदाहरणं. 23 डिसेंबर 2023 ला 'केम प्लूटो' या टँकरवर ड्रोन आदळलं ते गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे 200 सागरी मैलांवर. त्यात मंगळूरला येणारं कच्चं तेल होतं आणि 21 पैकी 20 खलाशी भारतीय होते. 13 एप्रिल 2024 ला होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणी कमांडोंनी 'एमएससी एरीज' हे कंटेनर जहाज पकडलं. त्यावर 17 भारतीय होते आणि ते निघालं होतं न्हावा शेवाला. आपला टॉवेल ज्या धक्क्यावरून चढतो आणि आपल्या कारखान्यांना लागणारी रसायनं ज्या धक्क्यावर उतरतात, त्या बंदराला. एक कॅडेट मुलगी आठवड्याच्या आत घरी आली, पाच जण मे महिन्यात आले, बाकीच्यांच्या घरी वाट पाहणं चालू राहिलं.

सोलापूरला समुद्र नाही, पण समुद्रातल्या भारतीय झेंड्याची गोष्ट सोलापूरशिवाय सांगता येत नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. पहिल्या महायुद्धात जहाजांची टंचाई त्यांनी पाहिली, आणि ज्याच्याकडे जहाजं त्याच्याच हातात व्यापाराची नाडी हे ओळखलं. नरोत्तम मोरारजी वगैरे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचं 'एसएस लॉयल्टी' 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून इंग्लंडला निघालं. तेच जहाज नुकत्याच संपलेल्या महायुद्धात जखमींसाठी तरंगतं इस्पितळ म्हणून वापरलं गेलं होतं. 5 एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिवस पाळतो तो या फेरीमुळे. पुढे दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, 21 जून 1941 ला, विशाखापट्टणमला सिंधियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, आणि वर्षही पुरं व्हायच्या आत, 6 एप्रिल 1942 ला, जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. काम खोळंबलं. तिथून पहिलं जहाज, 'जलउषा', पाण्यात उतरायला 1948 साल उजाडलं.

वालचंदांचं नाव आपल्या कॉलेजांवर आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या लढ्याचा अर्थ आपण 'स्वदेशी जहाज' एवढ्यावरच आटोपतो, तो मला अपुरा वाटतो. स्वदेशी जहाजाचा मुद्दा मुळात सत्तेचा होता. आपला माल कुठून जाईल, केव्हा जाईल, किती धोका पत्करून जाईल, हे परक्या कंपनीच्या कार्यालयात ठरू नये. मग तोच प्रश्न जहाजावरच्या माणसाच्या बाबतीत विचारायला काय हरकत आहे? त्याचा जीव कुठे न्यायचा हे कोण ठरवतं?

इंग्रजांच्या काळात ते इंग्रज ठरवत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर जवळजवळ 50 हजार भारतीय खलाशी होते. कोकणातले मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, सिल्हेटचे बंगाली. इंजिनखोलीत कोळसा ओढणारे आणि भांडी घासणारे बहुतेक हेच. पाणतीर (टॉर्पेडो) लागला की पाणी प्रथम शिरतं ते इंजिनखोलीत. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. 1939 च्या शरद ऋतूत त्यांनी ब्रिटनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या बंदरांत संप केले. युद्धात जायचं तर पगार वाढवा, युद्धभत्ता द्या, ही मागणी होती. कित्येकांना तुरुंगात टाकलं गेलं. नंतर वाढ द्यावीच लागली. आज 'वॉर बोनस' म्हणून जे मिळतं त्यामागे अशा माणसांचा तुरुंगवास आहे.

त्या युद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या भारतीय व्यापारी नाविकांपैकी जवळजवळ 6 हजार जणांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांच्या नोंदवह्यांत आहेत. मुंबईची वही मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये असते. मुंबईला न्हावा शेवाच्या कामासाठी आपल्याकडून रोज माणसं जातात, कस्टममध्ये खेटे घालतात, ती वही मात्र कोणी पाहायला जात नाही. लंडनमध्ये टॉवर हिलला व्यापारी नाविकांचं मोठं स्मारक उघड्यावर, रस्त्याकडेला आहे. ब्रिटन 3 सप्टेंबरला व्यापारी नौदलाचा दिवस पाळतं, कारण 1939 मध्ये युद्ध जाहीर झालं त्याच दिवशी 'अथेनिया' हे प्रवासी जहाज बुडवलं गेलं. अमेरिकेनं आपल्या युद्धकाळातल्या व्यापारी नाविकांना माजी सैनिकाचा दर्जा दिला तो 1988 मध्ये, तोही कोर्टात भांडल्यावर. युद्ध संपून चार दशकं उलटली होती आणि हक्कदारांपैकी पुष्कळ जण गेलेले होते. म्हणजे या बाबतीत श्रीमंत देशांचाही हिशोब चोख नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून चीनला निघाले ते 'राजपुताना' जहाजानं. डॉक्टरांचं काय झालं ते इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. जहाजाचं काय झालं? युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश नौदलानं ते प्रवासी जहाज ताब्यात घेऊन त्यावर तोफा चढवल्या आणि 13 एप्रिल 1941 ला जर्मन पाणबुडीनं ते उत्तर अटलांटिकमध्ये बुडवलं. व्यापारी जहाज आणि लढाऊ जहाज यांच्यातली रेघ युद्धात अशी पुसली जाते, आणि ती पुसली की शत्रूला प्रत्येक मालवाहू जहाजाकडे संशयानं बघायला निमित्त मिळतं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट झाला तो 'फोर्ट स्टिकिन'वर. सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवणं कोणत्याही गिरणी कामगारानं नाकारलं असतं. जहाजावरच्यांना आणि गोदी कामगारांना नाकारायची सोय नव्हती. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान त्यात गेले, आणि एकूण मेलेल्यांचा आकडा सातशे-आठशेच्या पुढे सांगितला जातो.

आणि बोट दुसऱ्यांकडेच दाखवून भागणार नाही. 1971 च्या डिसेंबरमध्ये आपल्या नौदलानं कराचीवर केलेले क्षेपणास्त्र हल्ले हा आपल्या इतिहासातला पराक्रम आहे आणि तो तसाच राहील. पण त्या हल्ल्यांत 'व्हीनस चॅलेंजर' आणि 'गल्फ स्टार' ही परदेशी व्यापारी जहाजं बुडाली, 'हार्मटन' या ब्रिटिश जहाजाची हानी झाली, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे. न्याय्य युद्धातही बंदरात उभ्या असलेल्या तिसऱ्याच देशाच्या खलाशाचा जीव जातो. म्हणूनच 'आमचं युद्ध बरोबर होतं' या उत्तरानं नाविकाचा प्रश्न सुटत नाही. त्याला त्या बंदरात जायचं की नाही हे आधी विचारलेलं असलं पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. व्यापारी नाविकांच्या हक्कांचा जागतिक आधार म्हणजे 2006 चा सागरी कामगार करार. तो 2013 मध्ये अमलात आला आणि भारतानं 2015 मध्ये स्वीकारला. त्यात एक वाक्य आहे: जहाज युद्धक्षेत्राकडे निघालं असेल आणि नाविक तिकडे जायला संमती देत नसेल, तर त्याला घरी परत पाठवलं जाण्याचा हक्क असावा. वाचून बरं वाटतं. मात्र हे वाक्य कराराच्या मार्गदर्शक भागात आहे, बंधनकारक भागात नाही. युद्धक्षेत्र कशाला म्हणायचं हेही देशांच्या कायद्यांवर आणि नोकरीच्या करारांवर सोडलेलं आहे.

पकडल्या गेलेल्या नाविकाच्या पगाराची गोष्ट अशीच. 2018 मध्ये या करारात दुरुस्ती झाली आणि 2020 च्या डिसेंबरअखेर ती लागू झाली. समुद्री चाच्यांनी किंवा सशस्त्र दरोडेखोरांनी ओलीस धरलं तर नोकरीचा करार संपला तरी पगार चालू राहील, घरी पैसे जात राहतील. सोमाली चाच्यांच्या दहा वर्षांतून आलेली ही सुधारणा आहे आणि चांगली आहे. पण चाचेगिरी म्हणजे खाजगी फायद्यासाठी केलेली लूट. एखाद्या सरकारच्या कमांडोंनी किंवा राजकीय कारणानं लढणाऱ्या सशस्त्र गटानं जहाज पकडलं, तर ते या व्याख्येत सरळ बसत नाही. 'एमएससी एरीज' आणि 'गॅलेक्सी लीडर' या दोन्ही घटना त्या फटीत पडतात. अशा वेळी पगार चालू राहिला तर तो कंपनीच्या भलेपणामुळे किंवा युनियनच्या करारामुळे.

युनियनचे करार खरोखर चांगले आहेत, हे सांगायलाच हवं. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ आणि जहाजमालकांच्या संघटना मिळून धोक्याची क्षेत्रं जाहीर करतात. दक्षिण तांबडा समुद्र आणि एडनच्या आखाताचे भाग 2024 च्या मार्चपासून युद्धसदृश क्षेत्र ठरले. असं क्षेत्र ठरलं की नाविक नकार देऊ शकतो, कंपनीच्या खर्चानं घरी येऊ शकतो. गेला तर मूळ पगाराइतकाच बोनस वर मिळतो, मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर भरपाई दुप्पट. मी जे मागतो आहे ते म्हणजे हेच. अडचण एवढीच की हे त्या करारांखाली येणाऱ्या जहाजांपुरतं आहे. जी जहाजं त्याबाहेर आहेत, त्यांच्यावरचा माणूस सर्वात असहाय आहे: जुनाट टँकर, दर दोन महिन्यांनी झेंडा आणि नाव बदलणारे, निर्बंध चुकवून तेल वाहणारे. त्यांना खलाशी मिळतात कुठून? ज्या मुलाला चांगल्या कंपनीत जागा मिळत नाही, ज्याच्या घरच्यांनी एजंटला लाखो रुपये देऊन ठेवलेत, तो मिळेल त्या शिपवर चढतो. 2024 मध्ये मालकांनी जहाजासकट वाऱ्यावर सोडून दिलेल्या नाविकांत सर्वात जास्त संख्या भारतीयांची होती.

यावर ठरलेला आक्षेप असा की, मर्चंट नेव्हीत पगार डॉलरमध्ये, धोका माहीत असून माणूस जातो, मग तक्रार कशाची? धोका माहीत असणं आणि मान्य असणं यात अंतर आहे. मुलगा सही करतो ती नऊ महिन्यांच्या करारावर. तेव्हा जहाज सिंगापूरला चाललेलं असतं. तीन महिन्यांनी कंपनीला नवा सौदा मिळतो आणि जहाज युक्रेनमधल्या ओडेसाला किंवा येमेनमधल्या होदेदाला वळतं. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथल्या बंदरांत हजारभराहून जास्त नाविक अडकले, त्यात मायकोलाइव्हला आपलेही होते. 2 मार्चला 'बांगलार समृद्धी'वर क्षेपणास्त्र पडून एक तरुण बांगलादेशी इंजिनिअर गेला. युद्ध होणार हे त्यांतल्या किती जणांना सही करताना ठाऊक होतं? सूर्यफूल तेलाचा डबा त्या वर्षी किती महागला हे आपल्याला नीट आठवतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मी टाळणार नाही. सगळ्यांनीच नकार दिला तर गॅस, तेल, खत येणार कसं? जगाच्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा होर्मुझमधून जातो आणि आपला स्वयंपाकाचा गॅस बहुतांशी आखातातून येतो. नाविकाच्या नकारामुळे देश थांबेल का?

यात आधी हे लक्षात घ्या, की नकाराचा हक्क बाकी सगळ्यांना आजच आहे. 2023 च्या डिसेंबरात जगातल्या मोठ्या कंटेनर कंपन्यांनी तांबड्या समुद्रात जहाजं न्यायला नकार दिला. त्याला कोणी भ्याडपणा म्हटलं नाही, 'सुज्ञ व्यावसायिक निर्णय' म्हटलं. विमा कंपन्या युद्धजोखमीचं संरक्षण काही दिवसांची नोटीस देऊन काढून घेऊ शकतात, किंवा जहाजाच्या किमतीच्या अर्ध्या-एक टक्क्यापर्यंत हप्ता चढवू शकतात. 2024 च्या सुरुवातीला तेच झालं. निर्यातदार माल थांबवू शकतो. खरेदीदार ऑर्डर रद्द करू शकतो. म्हणजे लोखंडाच्या मालकाला नकार देता येतो, पैशाच्या मालकाला देता येतो, टॉवेलच्या मालकाला देता येतो. ज्याच्या अंगावर क्षेपणास्त्र पडणार आहे त्यानं नकार दिला की मात्र पुरवठा साखळीचं काय होणार ही काळजी सुरू होते. आणि देशाला ती फेरी खरोखर अत्यावश्यक असेल, तर देशानं ती देशाची कामगिरी म्हणून जाहीर करावी. सोबत युद्धनौका द्यावी, जसं नौदल 2019 पासून 'ऑपरेशन संकल्प'मध्ये करत आलंय. वर भत्ता द्यावा, मेला तर घरच्यांना सैनिकाच्या घरच्यांसारखं निवृत्तिवेतन द्यावं. अशा अटींवर जाणारे भारतीय नाविक पुष्कळ निघतील. 'मार्लिन लुआंडा'वरच्यांनी सक्तीविना काय केलं ते आपण पाहिलंच.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आमच्या धंद्यातला असल्यामुळे त्यावर मी थोडं रेंगाळणार आहे. सागरी व्यापारात 'जनरल ॲव्हरेज' नावाचा फार जुना नियम आहे. जहाज संकटात सापडलं आणि बाकीचं वाचवण्यासाठी कप्तानानं काहींचा माल समुद्रात टाकला, किंवा आग विझवताना काहींचा माल पाण्यानं खराब झाला, तर ते नुकसान त्या एकट्याचं धरत नाहीत. ज्यांचा माल वाचला ते सगळे आणि जहाजाचा मालक, आपापल्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात, ते भरून देतात. यॉर्क-अँटवर्प नियमांनी त्याची पद्धत ठरवून दिली आहे. 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा जनरल ॲव्हरेज जाहीर झालं, आणि त्यावर एक कंटेनर असलेल्या छोट्या व्यापाऱ्यालाही हमी दिल्याशिवाय माल सुटला नाही. त्या जहाजावरचे 25 च्या 25 खलाशी भारतीय होते. कालवा सहा दिवसांत मोकळा झाला, ते जहाज मात्र भरपाईच्या वादात 7 जुलैपर्यंत अडकून राहिलं. मालाच्या प्रत्येक पेटीच्या नुकसानीची वाटणी कशी करायची हे कायद्याला पक्कं ठाऊक होतं. माणसांच्या त्या महिन्यांची वाटणी कोणत्याही तक्त्यात नव्हती, कारण जनरल ॲव्हरेज मालमत्तेपुरतं आहे, जिवापुरतं नाही.

सगळ्यांच्या भल्यासाठी एकानं सोसलं तर सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं, हे तत्त्व व्यापाऱ्यांनीच शोधलं आणि शेकडो वर्षं पाळलं. ते नाविकाला लावायला खर्च किती? समजा, जहाजावर 8 हजार कंटेनर आहेत आणि 24 माणसं. कप्तानापासून खानसाम्यापर्यंत सरासरी मूळ पगार दिवसाला 100 डॉलर धरू. हा सढळ हातानं धरलेला आकडा आहे. धोक्याच्या पाण्यात दहा दिवस गेले आणि तेवढाच पगार वर द्यायचा झाला, तर होतात 24 हजार डॉलर. कंटेनरमागे 3 डॉलर. रुपयांत अडीचशे-तीनशे. सोलापूरची एक साधी चादर तेवढ्याला येते. ज्या हंगामात कंटेनरचं भाडं हजारो डॉलरनी वाढलं, त्या हंगामात हे 3 डॉलर परवडत नाहीत असं मला कोणी सांगू नये. उलट विचारायला हवं, की आपण जो वॉर रिस्क सरचार्ज भरला त्यातले किती जहाजावर पोचले? हा प्रश्न फॉरवर्डरला विचारायचा अधिकार पैसे भरणाऱ्याला आहे. सोलापुरातल्या निर्यातदारांच्या संघटनेनं तो लेखी विचारावा, आणि बिलात त्या ओळीची फोड मागावी.

राहता राहिला झेंड्याचा प्रश्न. जहाज लायबेरियात नोंदलेलं, मालक ग्रीक, मॅनेजर सिंगापूरचा, मग भारतीय कायदा चालणार कुठे? भारताचा झेंडा असलेली जहाजं आपल्या परदेशी व्यापाराचा जेमतेम 5 टक्के माल वाहतात, पूर्वी तो 40 टक्के होता, हे खुद्द पंतप्रधानांनी 2025 च्या सप्टेंबरात भावनगरला सांगितलं. त्याच महिन्यात जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींची योजना मंजूर झाली. जहाजं व्हावीत, वालचंदांच्या गावाला तर त्याचा आनंदच आहे. पण ती जहाजं यायला वर्षं लागतील, आणि तोवर जगातल्या दर दहा नाविकांत जो एक भारतीय आहे तो परक्या झेंड्याखालीच असणार आहे.

त्याला कायद्याचं संरक्षण द्यायची जागा मुंबईत आहे. कोणत्याही झेंड्याच्या जहाजावर भारतीय नाविक कायदेशीरपणे जातो तो भरती कंपनीमार्फत, आणि त्या कंपनीला 2016 च्या नियमांनुसार मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. परदेशी मालकावर आपला हुकूम चालत नसेल, परवाना असलेल्या कंपनीवर चालतो. ज्या नोकरी करारात युद्धक्षेत्राला नकार देण्याचं कलम नाही, दुप्पट पगाराचं नाही, कोणीही पकडलं तरी पगार चालू ठेवण्याचं नाही, त्या करारावर भारतातून माणूस पाठवता येणार नाही, एवढी अट परवान्यात घालायची. युद्धक्षेत्र कुठलं ते महासंचालनालयानंच वेळोवेळी जाहीर करायचं, म्हणजे मालकाला वाद घालायला जागा उरणार नाही. भारतीय नाविक महाग होतील आणि कंपन्या दुसऱ्या देशांकडे वळतील, ही भीती मला खोटी वाटत नाही. म्हणून फिलिपिन्ससारख्या देशांना बरोबर घेऊन सागरी कामगार करारातलं ते वाक्य मार्गदर्शक भागातून बंधनकारक भागात आणायची मागणी भारतानं जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत, केली पाहिजे. माणसं पुरवणारे दोन-तीन मोठे देश एकत्र आले तर जहाजांना माणसं दुसरीकडून आणायला फारशी जागा नाही.

2025 मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा संसदेनं मंजूर केला. कायदा नवा असतानाच त्याखालचे नियम लिहिले जातात, आणि हरकती-सूचना तेव्हाच ऐकल्या जातात. सोलापूरच्या खासदारांकडे आपण विमानसेवेचे, पाण्याचे, उड्डाणपुलांचे अर्ज नेतो. त्या फायलीत हा एक अर्ज चेंबर ऑफ कॉमर्सच्या लेटरहेडवर जायला हवा, टॉवेलवाल्यांच्या, चादरवाल्यांच्या, डाळिंब-द्राक्षवाल्यांच्या सह्यांनी. मसुदा करून द्यायला मी तयार आहे.